लासलगावच्या खळ्यात माझा सतरावा प्रश्न

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी लासलगावला जाऊन आले आणि लिहिते आहे. हसा. नाशिक रोडहून पॅसेंजरने निघालं की ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, आणि मग लासलगाव. डब्यातली चटणी सांडायच्या आत प्रवास संपतो. तरी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत लासलगाव पाहिलेलं माणूस मला सापडलं नाही. सगळ्यांनी ते फक्त टीव्हीवर बघितलंय, तेही कांद्याचे भाव कोसळले किंवा चढले की. त्यामुळे माझ्या या चार दिवसांच्या मोहिमेला थोडंफार मोल आहे, असं मी स्वतःला समजावते.

आईने तयारी मात्र हिमालयाची करून दिली. छत्री, चादर, उशीचा अभ्रा, ओवा, मेथीचे लाडू आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, तर कुणी त्रास दिला तर वाजवायला. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, समाजशास्त्र विषय घेऊन. लघुप्रबंधासाठी कांदा निवडणाऱ्या बायकांचा अभ्यास करायला निघाले होते. चोवीस वर्षांची घोडी गळ्यात शिट्टी अडकवून नाशिक रोडला उभी होती.

आता समाजशास्त्राविषयी थोडं सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना ते अजून कळलेलं नाही. एका काकांना ती समाजसेवा वाटते. मामांनी तर भर लग्नात विचारलं होतं, "कुठल्या समाजाचं शास्त्र? आपल्या का?" आणि बाबा, जे एका सरकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले, ते फक्त दोन शब्द विचारतात, "पुढे काय?" गेली पाच वर्षं विचारताहेत. जेवताना, टीव्ही बघताना, मी आंघोळीला निघाले की दारात. या वेळी स्टेशनवर सोडायला आले तेव्हा त्यांच्या खिशात बँकेच्या परीक्षेच्या क्लासचा अर्ज होता.

"चार दिवस जाऊन ये," ते म्हणाले. "आल्यावर मला सांग, या शिक्षणाचं पुढे काय. सांगता आलं, तर मी पुन्हा विचारणार नाही. नाही आलं, तर हा अर्ज भरायचा. कबूल?"

मी ऐटीत "कबूल" म्हणाले, आणि मग खिडकीतून बाबा लहान होत गेले तशी माझी ऐटही लहान होत गेली. कारण पुढे काय, हे मलाच कुठे माहीत होतं!

सोमवार, मार्केट यार्ड

यार्डात पाऊल टाकलं आणि पहिल्या पाच मिनिटांत माझे डोळे वाहायला लागले. ट्रॅक्टरच्या रांगाच रांगा, प्रत्येकाच्या ट्रॉलीत कांदा, आणि वाऱ्यावर उडणारी कांद्याची टरफलं. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी थांबायचा, कुणीतरी मूठभर कांदे उचलून दाबून बघायचा, मग दोनचार आकडे हवेत उडायचे आणि मी वहीत "बोली:" एवढं लिहीपर्यंत घोळका तीन ट्रॉल्या पुढे गेलेला असायचा. एका शेतकरी आजोबांनी माझ्या डोळ्यांकडे बघून विचारलं, "काय गं पोरी, पाकीट मारलं का?" मी म्हटलं, कांद्यामुळे. तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "अजून तर कापला बी नाय."

मी पांढरा कुर्ता घातला होता. अभ्यासू दिसावं म्हणून.

मुक्काम निर्मलामावशींकडे होता. आईच्या मैत्रिणीच्या या थोरल्या बहीण, निवृत्त शिक्षिका, स्टेशनजवळ एकट्या राहतात. जेवायला बसले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि डोळ्यांपुढे कांद्याचा झुणका नाचत होता. ताटात आली दुधी भोपळ्याची भाजी, वरण आणि काकडीची कोशिंबीर.

"मावशी, कांदा?" मी हळूच विचारलं.

"अगं, चातुर्मास आहे ना! आमच्या घरात कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण येत नाही."

चार दिवस मी कांद्याच्या राजधानीत कांद्याची पातसुद्धा खाल्ली नाही. इंदिरानगरला आमच्याकडे चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी सगळे नियम करतात आणि तिसऱ्या दिवशी कांदाभजी तळतात. मावशींकडे मात्र नियम म्हणजे नियम होता.

मंगळवार, खळं

व्यापारी यार्डात घेतलेला कांदा आपल्या खळ्यावर नेतात. खळं म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि पुढे मोकळं अंगण. तिथे बायका ढिगाभोवती बसून कांदा निवडतात. मोठा एकीकडे, मध्यम दुसरीकडे, बारकी गोल्टी तिसरीकडे, सडका बाहेर. मग गोण्या भरल्या जातात आणि दाभणाने शिवून ट्रकमध्ये नाहीतर रेल्वेत चढतात.

मावशींच्या ओळखीने एका व्यापाऱ्याच्या खळ्यात मला प्रवेश मिळाला होता. त्यांना सगळे शेठ म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं. माणूस गोड. खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, "आमच्या एकतीस बायका झाल्या की शेजारच्या दोन खळ्यांत मी शब्द टाकतो. तुमचे साठ भरून जातील." मला साठच मुलाखती हव्या होत्या. मनातल्या मनात मी लघुप्रबंधाला काळी कापडी बांधणीसुद्धा करून टाकली.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी निघताना बजावलं होतं, "पहिले दोन दिवस प्रश्नावली बॅगेतून काढायची नाही. त्यांच्यात बस, हाताने काम कर, कान उघडे ठेव." मी मान डोलावली होती. पण मॅडमना काय, त्यांच्या घरी बँकेचा अर्ज थोडाच वाट बघत होता! मी खळ्यात शिरल्यावर दहाव्या मिनिटाला प्रश्नावली काढली.

पहिली बाई होती शकूबाई. पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि खळ्यातल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघून मगच हसायच्या.

"घरकुलाचं हाय का?" तिने विचारलं.

"नाही मावशी, अभ्यासाचं आहे."

"मग गॅसचं?"

"तेही नाही. माझ्या परीक्षेचं."

"अरारा," ती म्हणाली. "बिचारी. इचारा बाई इचारा. पास झाल्या पायजे तुमी."

नाव, वय, शिक्षण, मुलं किती. सगळं झकास चाललं होतं. सतरावा प्रश्न माझा लाडका होता. तो मी तीन रात्री घासूनपुसून तयार केला होता: "सदर काम आपण स्वतःच्या निवडीने करता का? हो किंवा नाही." याच एका प्रश्नावर माझं शेवटचं प्रकरण उभं राहणार होतं.

शकूबाईने हातातला कांदा गोल्टीत टाकला. "निवडीनंच करतो की!"

"नक्की?"

"मग? निवडीबिगर कसं करनार?" ती हसली, आणि तिच्या आजूबाजूच्याही हसल्या. मी समासात लिहिलं: "उत्तर देताना आत्मविश्वास व आनंद दिसून आला."

दुसरी म्हणाली, "हो, निवडीनं." तिसरी म्हणाली, "सकाळपासून निवडच चालू हाय." एकीने तर दोन्ही हात वर करून दाखवले, "ह्या हातांनी निवडते, बगा." मला भरून आलं. केवढी ही आत्मनिर्भर स्त्री! संध्याकाळपर्यंत एकतीसच्या एकतीस प्रश्नावल्या भरल्या आणि सतराव्या प्रश्नापुढे एकतीस वेळा "हो" आलं. एवढं एकमत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीबद्दलही होत नाही. त्याच वेळी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

निघताना शेठ म्हणाले, "काय निघालं, ते जरा लिहून द्या की एका कागदावर. तुमच्या कॉलेजचं नाव असलेल्या."

कॉलेजचं नाव छापलेले कागद माझ्याकडे होते. आणि कुणीतरी आपला निष्कर्ष मागतंय, हा अनुभव मला आयुष्यात पहिल्यांदा येत होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "या खळ्यातील शंभर टक्के महिला हे काम स्वतःच्या निवडीने करतात." खाली सही केली. सहीखाली दोन रेघाही ओढल्या.

बुधवार, खळं

सकाळी गेले तर माझा कागद लॅमिनेशन होऊन वजनकाट्यामागच्या भिंतीवर लागला होता. खोटं कशाला बोलू, मी त्याचा फोटो काढला. बाबांना पाठवणारही होते. खाली ओळ काय लिहावी याचा विचार करत चहा पीत होते, तेवढ्यात शकूबाई चार जणींना घेऊन शेठपुढे येऊन उभी राहिली.

"शेठ, जागेचं काय केलं?"

मला वाटलं बसायच्या जागेचं असेल. ते नव्हतं. खळ्यात संडास नव्हता. इतके दिवस बायका मागच्या बाभळींत जायच्या. पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी त्या बाभळी तोडून जमीन साफ केली होती. आता आडोसा उरला होता तो रुळांपलीकडे. तिकडे जायचं म्हणजे दोघी-तिघींनी मिळून जायचं, गाडी येत नाही ना बघायचं, माणूस येत नाही ना बघायचं. म्हणून त्यांनी कामावर असताना पाणी प्यायचंच सोडलं होतं. मी आदल्या दिवशी एकतीस जणींना चाळीस-चाळीस प्रश्न विचारले होते. त्यांत हा नव्हता.

शेठनी आवाज चढवला नाही. त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. "हे बघा. विद्यापीठात शिकलेल्या ताईंनी लिहून दिलंय, सहीनिशी. शंभर टक्के बायका स्वतःच्या निवडीने येतात. आपल्या मर्जीने आलात ना? मग तक्रार कसली?"

पाचही जणी माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडात बिस्कीट होतं.

"ताई," शकूबाई म्हणाली, "तुमी काय लिवलंय तिथं?"

मी बिस्कीट गिळून वाचून दाखवलं. शकूबाईने ऐकलं. मग खाली वाकून ढिगातला एक मोठा कांदा आणि एक बारका कांदा उचलला, आणि पहिलीतल्या पोराला दाखवावा तसा मला दाखवला.

"अवं ताई, ह्यो मोठा. ही गोल्टी. ह्यो हिकडं, ती तिकडं. ह्याला आमी निवड म्हनतो! तुमी इचारलं निवडीनं करता का, आमी म्हनलं निवडीनंच करतो. तुमाला काय वाटलं?"

काय वाटलं! जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. अठरा वर्षं मराठीतून शिकले, घरी आई रोज माझ्यासमोर मेथी निवडते, तांदूळ निवडते, आणि मी कांदा निवडणाऱ्या बाईला "निवडीने करता का" विचारून वर तिचा आत्मविश्वास समासात नोंदवला होता. मी पुटपुटत सांगितलं, की मला म्हणायचं होतं, दुसरं काम समोर असताना तुम्ही हे पसंत केलं का.

"दुसरं कोन ठिवलंय समोर?" मागून एकजण म्हणाली, आणि कुणी हसलं नाही.

मग शकूबाई ढिगापाशी जाऊन बसली आणि मला म्हणाली, "बसा." मी बसले. पांढऱ्या कुर्त्यासकट. तिने माझ्यापुढे कांदे ढकलले आणि आम्ही निवडायला लागलो. मॅडमनी सांगितलेलं काम मी असं एक दिवस उशिरा सुरू केलं.

"तुमी का बरं ह्ये शिक्शान निवडलं?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

आता काय लपवायचं! मी खरं ते सांगितलं. बारावीनंतर मला अर्थशास्त्र हवं होतं. यादीत नाव लागलं नाही. समाजशास्त्राच्या खिडकीपुढे रांग नव्हती, म्हणून तिथे उभी राहिले.

"म्हंजी तुमी बी गोल्टीतच!" ती म्हणाली, आणि अख्खं खळं असं हसलं, की शेठही वजनकाट्यावरून डोकावून बघायला लागले. मीही हसले. हसता हसता डोळे पुसले, आणि या वेळी दोष कांद्याचा नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. माझ्या दोन रेघांच्या सहीमुळे एकतीस बायका तहानलेल्या बसणार होत्या.

गुरुवार, खळं आणि परतीची गाडी

सकाळी मावशींच्या आरशापुढे मी भाषणाची तालीम केली. "शेठ, संशोधनातील पारिभाषिक त्रुटीमुळे..." अशी सुरुवात होती. खळ्यात पोचल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच, "तो कागद चुकलाय. परत द्या." आणि तेही चिरक्या आवाजात.

"लॅमिनेट केलाय ताई," शेठ म्हणाले. "आता कसा बदलणार?"

मी भिंतीवरून कागद काढला आणि फाडायला गेले. लॅमिनेशन फाटत नाही, हे ज्ञान मला तिथे, एकतीस बायका आणि सहा हमाल बघत असताना मिळालं. मी ओढलं, पिळलं, एका कोपऱ्याला दातसुद्धा लावला. शेवटी हमालांपैकी एकाने गोण्यांची सुतळी कापायची सुरी पुढे केली.

मग मी कॉलेजचा दुसरा कागद काढला आणि ढिगापाशी बसून विचारलं, "काय लिहू?" चाळीस प्रश्नांनंतर हा एक प्रश्न मला आधी सुचायला हवा होता.

शकूबाई सांगत गेली, मी लिहीत गेले. "लिवा. आमी हितं कांदा निवडतो. सकाळपासून सांजपर्यंत बसतो. जायला जागा नाय, म्हनून पानी पीत नाय. जागा पायजे." एकदोघींनी मध्येच भर घातली, "दार बी लिवा. पडदा नको, दार." मी दार लिहिलं. खाली एकतीस सह्या आणि अंगठे झाले. सगळ्यात शेवटी मी लिहिलं की आधीचा कागद माझ्या चुकीमुळे खोटा होता, आणि सही केली. रेघा ओढल्या नाहीत.

शेठनी तो वाचला. गोडवा गेला होता. "हा इथे लावलात, तर ताई, तुम्ही पुन्हा या खळ्यात यायचं नाही. आणि बाकीच्या दोन खळ्यांत माझा शब्द विसरा."

साठातले एकोणतीस गेले. लघुप्रबंध अर्धा. बाबांच्या खिशातला अर्ज मला तिथून दिसत होता. आणि हे प्रामाणिकपणे लिहिते, मी कागद हातात धरून चांगली दोन मिनिटं उभी होते. तेवढ्यात शकूबाईने ढिगापासून विचारलं, "ताई, उंचावर लावनार का खाली? मला खालचंच वाचता येतं."

मी लावला. चिकटपट्टीने लावला, तर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी शकूबाई उठली, तिने दाभणात सुतळी ओवली आणि शेडच्या दारावरच्या गोणपाटाच्या पडद्यावर तो कागद चारी बाजूंनी शिवून टाकला. गोणी शिवतात तसे घट्ट टाके. मग मला एक पिशवी दिली. आत गोल्टी होती. "घरी न्या," म्हणाली. "मावशीकडं खाऊ देत नाय म्हनत व्हता ना."

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि उगावपासून ओढ्यापर्यंत उत्तराची जुळवाजुळव करत होते. शिट्टी बॅगेत तशीच होती.

इंदिरानगर

कॉलेजात सगळं ऐकून मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाल्या, "एकतीस पुरेत. सतरावा प्रश्न कसा चुकला, तेच नीट लिही. आणि पुढच्या वेळी, बाई, आधी बस."

बाबा हसले नाहीत. मी सगळं सांगितलं, बिस्किटासकट. अर्ज टेबलावर होता. आई गोल्टी सोलत होती. शेवटी मी म्हटलं, "पुढे काय ते मला नाही सांगता येत, बाबा. भरते अर्ज."

बाबांनी अर्ज स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "त्यांना सांग, दाराला कडी आतून हवी."

"काय?"

"आमच्या ऑफिसात बायकांच्या संडासाला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. माझं टेबल समोरच. रोज बघायचो." त्यांनी अर्जाची घडी घातली. "तीस वर्षं कारकुनी केली, मागणीपत्रं मीच लिहायचो. एक कडी लिहिली असती तर आली असती. पण मी कधी त्यांना विचारलंच नाही, काय अडचण आहे म्हणून."

आईने सोलायचं थांबवलं.  मी उठून शकूबाईला फोन लावला आणि कडीचं सांगितलं.

त्यानंतर जवळजवळ महिना गेला. परवा संध्याकाळी शकूबाईचाच फोन आला. पडद्यावरचा कागद येणारा-जाणारा वाचायचा म्हणे, शेतकरी, ट्रकवाले, दुसरे व्यापारी, आणि वाचून झालं की शेठला विचारायचा, "मग? केली का जागा?" शेठ दोनदा तो काढायला गेले, पण हमालांची सुरी नेमकी तेव्हाच सापडेना, हाताने टाके निघेनात आणि पडदा फाडावा तर वारा आत येतो. शेवटी कंटाळले.

"दार बसलं, ताई," ती म्हणाली. आणि मग एकेक शब्द मोजून म्हणाली, "कडी आतून हाय."

 "पाणी प्या आता," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला. बाबांनी पेपर खाली घेतला.

"काय म्हणाली?"

"दार बसलं. कडी आतून आहे."

बाबांनी मान हलवली. पेपर पुन्हा वर नेला. पुन्हा खाली घेतला. "आणि आत पाणी येतं का?"

"ते नाही विचारलं."

"मग विचार की!" बाबा करवादले. "एवढं समाजशास्त्र शिकतेस ना?"

मी पुन्हा फोन लावला.